सव्वा मीटर आणि करंगळी

घणसोली गावठाणात, दत्तू केणींच्या
टाक्यांच्या कारखान्यावर, वरच्या खोलीत
माझा नववीचा क्लास.
खाली ग्राइंडर लागला की फळा थरथरतो,
करणीचिन्हाची शेपटी वाकडी येते,
मुलं म्हणतात, बाई, भूकंप.

आज बहात्तर.
वर्गमूळ म्हणायचा अवकाश,
मागच्या बाकावर मोबाइल उजळला:
आठ दशांश चार आठ पाच दोन आठ...
आण इकडे तो. त्या दशांशांना शेवट नाही.
बहात्तर फोड.
गुणाकारात फोड, बेरजेत नको,
बेरजेची मुळं अशी सुटी होत नाहीत.
छत्तीस दुणे बहात्तर.
छत्तीसचं मूळ वेगळं, दोनाचं वेगळं,
मधे गुणिले. नियम एवढाच.
सहा बाहेर येतो.
दोन आत राहतो.

ओजसने नऊ आठे घेतलं,
तीन बाहेर काढला आणि पेनाला टोपण लावलं.
अरे, आठाच्या पोटात अजून चार आहे,
त्याला तसाच कोंडून कुठे निघालास?
तो कुरकुरत परत गेला, दोन घेऊन आला.
तीन दुणे सहा.
लांबून आलास, पण आलास.

घनमुळाकडे दार जास्त कडक.
तिथे जोडीला कुणी विचारत नाही,
सारखे तिघं लागतात, तेव्हा एक सुटतो.
चोपन्न म्हणजे सत्तावीस दुणे.
तीन बाहेर. दोन पुन्हा आत.
"बाई, हा दोन दरवेळी आतच का?"
भाविका केणीने विचारलं.
"त्याला सोबत नाही म्हणून,"
मी म्हणाले, इतकं सहज,
की फळा पुसताना ते वाक्य मलाच ऐकू आलं.

आणि ग्राइंडर थांबला.
तो असा मधेच थांबत नाही.
भाविका जिन्यावरून वाकून बघते तर
पत्र्यावर प्रणितने खडूने दोन मीटर आखलेले,
दत्तूशेठ कटर धरून नुसते उभे.
हजार लिटरची चौकोनी टाकी, बाजू मीटरभर,
हे तिथे सगळ्यांना पाठ.
रबाळ्याच्या गिऱ्हाइकाला हवी होती दुप्पट.
"पाणी दुप्पट, तर बाजू दुप्पट," प्रणित म्हणाला.
"अवरा नाय रे," शेठ म्हणाले.
"मग केवढा?"
ते हाताला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं.

भाविका खाली गेली. मी मागोमाग.
पत्र्याशी उकिडवी बसून तिने लिहिलं:
दोन हजार म्हणजे हजार गुणिले दोन.
हजारचं घनमूळ दहा,
दहा डेसिमीटर म्हणजे आपला मीटर.
"दोन मीटर घेतलं तर आठ हजार लिटर मावेल, दादा."
प्रणितने पायानेच खडू पुसला.
मीटर बाहेर. दोन आत.
दहा गुणिले घनमूळ दोन,
खाली दुहेरी रेघ, परीक्षेत मारतात तशी.

शेठनी चष्मा वर केला,
उत्तर दोनदा वाचलं.
"बाय, सगला बरोबर.
पन यो आतला दोन मी कापू कसा?"

भाविकाने माझ्याकडे पाहिलं.
मी जिन्याकडे.
सोळा वर्षं मी त्या दोनाला आत ठेवतेय
आणि पैकीच्या पैकी देतेय.

मग त्यांनीच टेप ओढली.
सव्वा मीटर.
त्यापुढे आपली करंगळी आडवी ठेवली,
नखाच्या कडेला रेघ मारली.
"माजा बापूस अशीच घ्यायचा," म्हणाले,
आणि कटर सुरू झाला.

वर येऊन मी
जप्त केलेला मोबाइल काढला, मुलांकडे पाठ करून.
एक दशांश दोन सहा. तीनदा गुणलं.
दोन हजार लिटर,
वर फार तर दोन फुलपात्रं.

फळा पुन्हा थरथरायला लागला.
मी पुढचं गणित लिहायला हात उचलला,
तोच मागून भाविका, धापा टाकत,
हाताला अजून पत्र्याचं तेल:
"बाई,
बहात्तरमधल्या दोनाला किती करंगळ्या?"